तालीम : उपकार, गुंतवणूक की अमानत?

मुलांच्या शिक्षणावर आई-बाप जो पैसा खर्च करतात, त्याला नेमके काय म्हणायचे? प्रश्न भाबडा वाटेल. खर्चाला खर्च म्हणायचे, त्यात तत्त्वज्ञान कसले, असे कोणी विचारील. पण आपल्या घरांत नीट कान देऊन ऐकले तर या खर्चाची तीन नावे ऐकू येतात. "तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं ते आठव," असे वडील म्हणतात तेव्हा तो उपकार असतो. "पोरगा इंजिनियर झाला की घर वर येईल," असे म्हणतात तेव्हा ती गुंतवणूक असते. आणि "मुलीला किती शिकवलं तरी शेवटी दुसऱ्याच्याच घरी जायची," असे म्हणतात तेव्हा तो सरळसरळ तोटा असतो. उपकार, गुंतवणूक, तोटा. तिन्ही शब्दांत हिशेब मांडलाय तो आई-बापांच्या बाजूने. ज्याचे शिक्षण आहे ते मूल या वहीत कुठेच नाही.

हा शब्दांचा खेळ नव्हे. ज्या नावाने आपण खर्च करतो, त्या नावाबरहुकूम आपले निर्णय होतात. उपकार म्हटला की तो करायचा की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर. गुंतवणूक म्हटली की जिथे परतावा अधिक तिथे पैसा. म्हणजे मुलीपेक्षा मुलावर, आणि मुलांतही जो हुशार त्याच्यावर. तोटा म्हटला की तो जितका लवकर आटोपेल तितका बरा. दहावीचा निकाल लागला की कोण अकरावीला जाणार, कोण गॅरेजवर आणि कोण शिलाई मशीनवर, हे आपल्या मोहल्ल्यांत ठरते. पण ते गुणपत्रिका पाहून ठरते असे नाही. बऱ्याचदा या तीन शब्दांनी ते आधीच ठरवून टाकलेले असते.

कायद्याचीही गंमत पाहा. २००२ साली घटनेत ८६वी दुरुस्ती झाली, कलम २१-अ आले, आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क प्रत्यक्ष लागू झाला. चौदाव्या वर्षी मात्र घटनेने धरलेला हा हात सुटतो. तिथून पुढे उरते ती घराची ऐपत. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तरच्या पन्नास विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आढळला होता. २०११ च्या जनगणनेत मुस्लिमांचे लोकसंख्येतले प्रमाण १४.२ टक्के भरले. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात एकूण विद्यार्थ्यांमधले त्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्याही आत राहिले. शाळेत जाणारी आपली मुले कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचता पोहोचता कुठे हरवतात, हा या आकड्यांमागचा प्रश्न आहे. त्याचे अर्धे उत्तर सरकारकडे आहे. उरलेले अर्धे आपल्या घरात आहे, आणि ते मागताना कोणाकडे निवेदन घेऊन जावे लागत नाही.

घरातल्या उत्तराला पहिला अडथळा येतो तो आपल्या कमाईच्या स्वरूपाचा. भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग, फळांची गाडी, रिक्षा, बेकरी, मटणाचे दुकान, रंगकाम, वेल्डिंग. ही हातावर पोट असलेली माणसे. कधी महिना भरभरून जातो, कधी माग बंद पडले की उधारीवर चूल पेटते. कोकणातल्या घरांत आखातातून पैसा येतो, पण तो व्हिसाच्या भरवशावर. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक पगार येणाऱ्या माणसाला नियोजन सोपे. आपल्यातल्या फार थोड्यांना ती चैन आहे. म्हणूनच की काय, 'नियोजन' हा शब्द आपल्याला थोडा परका वाटतो. ज्याने जन्माला घातले तोच शिकवील, असे म्हणून आपण मोकळे होतो आणि त्याला तवक्कुल समजतो.

पण कुरआनातली हजरत यूसुफ यांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून ठेवा, कारण पुढे सात वर्षे दुष्काळाची आहेत, असा सल्ला एका पैगंबराने दिला. त्यांच्याइतका अल्लाहवर भरवसा कोणाचा? तरीही त्यांनी कोठारे भरायला सांगितली. उद्याची तरतूद करणे हा अविश्वास नसतो. ज्याचे उत्पन्न अनिश्चित त्याला तर तरतुदीची गरज अधिक, कारण कॉलेजची फी भरायची तारीख आपला माग चालू आहे की बंद हे पाहून येत नाही.

साधा हिशेब करू. मूल जन्मल्यापासून महिन्याला पाचशे रुपये बाजूला पडले तर अठरा वर्षांत १,०८,००० रुपये होतात. एका नव्या पैशाचा नफा न धरता. या रकमेत खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचे एक वर्षही निघणार नाही, हे खरे. पण शासकीय तंत्रनिकेतनातल्या तीन वर्षांच्या पदविकेची फी त्यातून सहज निघते, वर मेस आणि पुस्तकांना हातभार लागतो. आठवीत जाग आली तरी बारावीपर्यंत साठ महिने हातात असतात. तीस हजार रुपये जमतात. प्रवेशाच्या वेळी घराची धावपळ होते ती बहुतेकदा पहिल्या हप्त्यासाठी, आणि तेवढ्याला हे तीस हजार पुरतात.

पैसा ठेवायचा कुठे, हाही प्रश्न येतो. बँकेचे व्याज नको म्हणणाऱ्या घरांना एक जुनी, घरची वाट आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या बायका वर्षानुवर्षे भिशी चालवतात. बारा जणी, दरमहा हजार रुपये, आणि दर महिन्याला एकीच्या हातात बारा हजार. लिलावाची भिशी वेगळी. या साध्या भिशीत ना व्याज, ना कागद. शब्द पाळला जातो, कारण तोंड रोज समोर येते. या भिशीतून आजवर फ्रिज आले, बांगड्या आल्या, मुलींच्या लग्नाची भांडी आली. जून-जुलैचा नंबर ज्या घरात मूल कॉलेजात जाणार त्या घरासाठी राखून ठेवायचा, एवढा एक नियम घातला तर हीच भिशी शिक्षणाची होईल. त्यासाठी कोणाच्या उद्घाटनाची गरज नाही.

पैशाइतकेच नियोजन कागदांचे लागते, आणि इथे आपली घरे अधिक मार खातात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जातपडताळणी ही साखळी निकालानंतर पंधरा दिवसांत पुरी होत नाही. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या साथीदारांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभारली आणि १९९४ नंतर तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्यांना सवलतींचे दार खुले झाले. पण त्या दारातून आत जायला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तेवढेही नाही. मग खरेदीखत, जन्म-मृत्यूची नोंद, गावचे जुने रेकॉर्ड शोधत फिरायचे. त्यातून नावांची तऱ्हा: एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर गायब. हे सगळे आठवी-नववीत सुरू करायचे काम आहे. मूल शिकतेय तोवर बापाने कागद शिकावेत. पैशाची ऐपत नसलेला बापही एवढे देऊ शकतो, आणि हे देणे फीइतकेच मोलाचे असते.

आता त्या प्रश्नाकडे येऊ जिथे आपली जीभ जड होते. एका घरात मुलगा आणि मुलगी, पैसा एकालाच पुरेल एवढा. कोणाला? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न विचारलाच जात नाही. मुलाच्या नावाने फी जाते आणि मुलीच्या नावाने सोने घेतले जाते, आणि आपण म्हणतो की दोघांना सारखेच दिले. पण हे सारखे नाही. मुलाला दिलेली विद्या त्याच्याजवळ राहते; मुलीसाठी घेतलेले सोने वाईट दिवसांत सासरच्या कारभारात पहिल्यांदा गहाण पडते. हदीसच्या ग्रंथांत नोमान बिन बशीर यांची हकीकत आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना काही खास बक्षीस दिले आणि पैगंबरसाहेबांना साक्षीदार राहण्याची विनंती केली. पैगंबरसाहेबांनी विचारले ते एवढेच, की बाकीच्या मुलांनाही असेच दिले काय? नाही, असे उत्तर आल्यावर त्यांनी साक्षीला नकार दिला. वाज-तकरिरींत ही हकीकत आपण मालमत्तेच्या वाटपाला लावतो. कॉलेजच्या फीला का लावत नाही? आजच्या काळात बाप मुलाला जे सर्वांत मोठे बक्षीस देतो ते शिक्षणच आहे. ते एकालाच द्यायचे असेल तर त्या व्यवहाराला साक्ष कोणाची मागणार?

याचा अर्थ दोघांवर रुपयाला रुपया खर्च झाला पाहिजे असा नाही. एकाचा अभ्यासक्रम महाग असेल, दुसऱ्याचा स्वस्त. न्याय रकमेत मोजता येत नाही. तो दोघांना विचारले की नाही, यात असतो. मुलीला काय शिकायचे आहे हे विचारून, तिच्या वाटेचा खर्च आधी मांडून, मग कमी पडणारा पैसा दोघांच्या वाट्याला सारखा कमी पडू द्यावा. आणि लग्नाच्या जेवणावळीचा हिशेब त्याच कागदावर मांडावा. तीनशे माणसे, ताटामागे तीनशे रुपये, म्हणजे नव्वद हजार. निकाह त्या तीनशे माणसांवाचूनही तेवढाच जायज होतो. परीक्षा फीवाचून होत नाही. सोन्याविषयी बोलायचे तर सातारच्या बोर्डिंगातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही काढून दिले. ती मुले त्यांच्या पोटची नव्हती, एका जातीची नव्हती, एका धर्माचीही नव्हती. सोन्याचा याहून चांगला उपयोग महाराष्ट्राने पाहिलेला नाही.

दुसरा जड प्रश्न व्याजाचा. बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्यावे की नाही? रिबा हराम आहे, यावर आपल्यात मतभेद नाही. मतभेद आहे तो गरजेच्या व्याख्येवर. काही उलेमा म्हणतात, शिक्षण कितीही महत्त्वाचे असले तरी ते जीव वाचवण्यासारखी लाचारी नव्हे. काहींच्या मते दुसरा कोणताही मार्ग नसेल आणि शिक्षण उपजीविकेसाठी आवश्यक असेल तर गरजेपुरती सवलत निघते. या वादात निवाडा देण्याचा अधिकार आमचा नाही. पण एक गोष्ट फतव्याशिवाय सांगता येते. जो बाप आपल्या ईमानाखातर कर्ज नाकारतो त्याच्याविषयी आदरच आहे. मात्र त्या नकाराची किंमत कोण मोजतो हे त्याने पाहिले पाहिजे. तत्त्व बापाचे आणि कॉलेज सुटले लेकीचे, असा हिशेब असेल तर तो त्याग कोणाचा म्हणायचा? नकार द्यायचा तर पर्यायही आपणच शोधायचा, ही त्या नकाराची दुसरी बाजू आहे. आणि ज्या घरात मोटारसायकल हप्त्यावर आली, लग्नासाठी सोने तारण ठेवून व्याजाने पैसे उचलले, त्याच घरात कॉलेजच्या फॉर्मवर सही करताना रिबा आठवतो, तेव्हा अडचण रिबाची नसते. खर्च कोणावर होतोय याची असते.

ज्यांना कर्ज घ्यायचे आहे त्यांनी ते डोळे उघडे ठेवून घ्यावे. बँकांच्या नेहमीच्या योजनेत शिक्षण चालू असताना आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण त्या काळातही व्याज चढत असते. ते न भरल्यास मुद्दल फुगते. साडेचार लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या सवलतीच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते, अशी योजना २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्जाची सोय झाली. महाराष्ट्रात अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद यांच्या नावाचे आर्थिक विकास महामंडळ बँकेपेक्षा कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज देते. या गोष्टी ठाऊक नसल्यामुळे आपली माणसे सावकाराच्या दारात जातात. अज्ञानापोटी जास्त व्याज देणे हे कोणत्याही मसलकात पुण्याचे काम नाही.

पण खरा पर्याय आपल्याच परंपरेत आहे, आणि त्याचे नाव कर्ज-ए-हसना. दिलेले तेवढेच परत घ्यायचे. प्रत्येक जमातीकडे मस्जिदीच्या रंगासाठी, मिनारासाठी, वातानुकूलनासाठी पैसा जमतो. तो जमू नये असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या शेजारी एक शिक्षणाची पेटी ठेवता येईल. त्यातून एका मुलाला चाळीस हजार द्यायचे, नोकरी लागल्यावर त्याने महिन्याला हजार परत करायचे, चाळीस महिन्यांत रक्कम पुरी होते आणि पुढच्या मुलीच्या हातात जाते. वही दोन माणसांनी सांभाळायची, दर वर्षी जमाखर्च सर्वांपुढे ठेवायचा. जकातीचेही तसेच. अनेक उलेमांच्या मते जकात इमारतीत घालता येत नाही, ती गरजूच्या मालकीची व्हावी लागते. मग फी भरायला पैसे नसलेला विद्यार्थी याहून स्पष्ट गरजू कोण? बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांजवळ खंडणीला पैसे नव्हते पण अक्षरओळख होती, त्यांनी दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे आणि सुटावे, असे ठरल्याचे सीरतचे ग्रंथ सांगतात. ज्या उम्मतीने शत्रूकडून खंडणी म्हणून अक्षरे घेतली, तिच्या मुलांची अक्षरे फीअभावी सुटावीत, याचा विचार करायला हवा.

हे स्वप्नरंजन नाही. या मातीत ते झालेले आहे. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी आणि मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला. महाराज ओळखून होते की खेड्यातल्या मुलाला शाळा मोफत मिळून भागत नाही; त्याला शहरात निजायला जागा आणि दोन वेळची भाकर लागते. शंभर वर्षांनंतरही तेच खरे आहे. फी माफ होते आणि मूल खोलीभाड्यापायी परत येते.

मदत करण्याची रीतही तपासायला हवी. दरसाल जुलैत 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार' होतो. मंचावर पाहुणे, हातात मोठ्या आकाराचा धनादेश, शेजारी मान खाली घातलेली सतरा वर्षांची मुलगी, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो. पाच हजार रुपयांसाठी त्या मुलीची गरिबी गावभर छापली जाते. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, अशी ज्यांना शिकवण आहे त्यांनी हे करावे काय? या वयातले मूल भुकेपेक्षा अपमान अधिक लक्षात ठेवते. फी थेट कॉलेजात भरावी, नाव कोणाला कळू देऊ नये. गुणांचा सत्कार जरूर करावा, पण गरजेचे प्रदर्शन नको.

आपल्याच संस्थांकडेही याच नजरेने पाहावे लागेल. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला तो समाजातला शेवटचा मुलगा, शेवटची मुलगी वर्गात यावी म्हणून. महाराष्ट्रात देणगी घेऊन प्रवेश देण्यावर १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. तरी व्यवस्थापन कोट्याच्या जागेसाठी पावतीशिवाय पैसे मोजणारे पालक आणि ते मोजून घेणारे हात, दोन्ही अजून आहेत. ज्या पालकाने व्याज नको म्हणून कर्ज नाकारले त्याने ही रक्कम मोजताना हरामचा विचार इथेही करावा. आणि त्याआधी मुलाला खरोखर त्याच जागेची ओढ आहे का, की शेजाऱ्याच्या मुलाने घेतली म्हणून हवी आहे, हेही विचारावे. आयटीआय, पदविका करून थेट दुसऱ्या वर्षी अभियांत्रिकी, परिचर्या, शासकीय महाविद्यालयातली साधी बीएस्सी, या वाटा स्वस्त आहेत म्हणून हलक्या नाहीत.

इतके सगळे घराने आणि जमातीने करायचे, मग सरकार कशाला, असा अर्थ कोणी काढू नये. जकात ही आपली फर्ज, शिष्यवृत्ती हा आपला हक्क. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. हे सांगणे आज अधिक गरजेचे आहे, कारण हक्काची दारे एकेक करून लोटली गेली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये मुस्लिमांना दिलेले पाच टक्के आरक्षण शिक्षणापुरते चालू ठेवण्यास उच्च न्यायालयाची हरकत नव्हती. तरी त्याच वर्षी अध्यादेश मुदत संपून गेला आणि त्याचा कायदा झाला नाही. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी 'पढो परदेस' योजना २०२२-२३ पासून थांबली. संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. १९८९ मध्ये स्थापन झालेले मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश २०२४ मध्ये निघाला. मुलींची बेगम हजरत महल शिष्यवृत्ती त्याच संस्थेची होती. याविरुद्ध लोकशाही मार्गाने बोलत राहणे हे नागरिक म्हणून आपले काम आहे. पण बोलताना जे दार उघडे आहे तेही दिसायला हवे. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. यात मुस्लिम ओबीसी मुली येतात आणि खुल्या वर्गातल्या गरीब मुस्लिम मुलीही येतात. म्हणजे मुलीचे शिक्षण परवडत नाही हे कारण कितीतरी घरांत आता उरलेलेच नाही. तरीही मुलगी घरी बसली असेल तर कारण दुसरे आहे, आणि ते आपल्याला ठाऊक आहे.

आता पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे. हा खर्च उपकार नाही, गुंतवणूक नाही, तोटा तर नाहीच. आपल्याजवळ चौथा शब्द आहे: अमानत. मूल अल्लाहने काही वर्षांसाठी सांभाळायला दिलेली ठेव आहे, असे आपण म्हणतो. पण अमानतीचे नियम मुलांच्या बाबतीत लावत नाही. अमानत सांभाळणारा तिचा मालक नसतो. ती वाढवली म्हणून त्याला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. 'एवढा खर्च केला, आता आम्ही म्हणू तीच शाखा, आम्ही म्हणू तिथेच नोकरी, आम्ही ठरवू तिथेच लग्न,' हे अमानतदाराचे बोलणे नव्हे, सावकाराचे आहे. पैशाचे व्याज हराम मानणाऱ्याने मुलाच्या आयुष्यातून ते वसूल करू नये.

मात्र अमानत दोन्हीकडून बांधते. मुलालाही. म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी त्याच्यापुढे घराची वही उघडी ठेवावी: महिन्याला येते किती, जाते किती, तुझ्यासाठी इतके आहेत, बाकीचे आपण मिळून कसे उभे करायचे? काही आई-बाप मुलाला झळ लागू नये म्हणून सगळे लपवतात, आणि मग तिसऱ्या वर्षी अचानक पैसे नाहीत म्हणतात. काही जण उठता-बसता खर्च ऐकवतात. दोन्हींनी मूल खचते. ज्याला हिशेब विश्वासाने दाखवला जातो ते मूल सुट्टीत काम शोधते, शिष्यवृत्तीचा फॉर्म वेळेत भरते, महागडी जागा स्वतःहून नाकारते. कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत मुलांनी खडी फोडली, शेती केली, पण कोणाचे ओझे म्हणून शिकले नाहीत.

आणि अमानतीला मर्यादाही आहे. राहते घर विकून, म्हाताऱ्या आईचे औषध तोडून, धाकट्या भावंडांची शाळा बंद करून एकाला शिकवणे हा त्याग दिसतो खरा, पण त्यात एक ठेव राखायला दुसऱ्या ठेवी मोडल्या जातात. कमी फीचे कॉलेज निवडणे, एक वर्ष थांबणे, पदविकेच्या वाटेने पुढे जाणे यात कसली नामुष्की नाही.

एक दिवस आपल्याला विचारले जाईल, असा आपला विश्वास आहे. तेव्हा मुलगा डॉक्टर झाला की मेकॅनिक, हा प्रश्न नसेल. ते आपल्या हातातही नव्हते. विचारले जाईल ते एवढेच: तुमच्याकडे ठेवायला दिलेल्या या जिवाला काय हवे होते हे तुम्ही त्याला विचारले होते का? आणि जे तुमच्या हातात होते ते तुम्ही सर्वांना सारखे वाटले होते का? या प्रश्नांची उत्तरे निकालाच्या दिवशी तयार होत नाहीत. ती आठवीच्या वर्गापासून, महिन्याच्या पाचशे रुपयांपासून आणि तहसील कचेरीतल्या त्या लांब रांगेपासून तयार होत असतात.